पिनबॉल मशीनमधला शॉर्ट सापडत नाही : प्लेफील्ड उचललं की सगळं ठीक, खाली ठेवलं की फ्यूज उडतो

खटपट्या
मंडळी, डोकं बधिर झालंय म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे तीन बॉलचं, १९८० च्या दशकातलं सॉलिड-स्टेट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारं) पिनबॉल मशीन आहे. गेला आठवडाभर त्याचा जीआयचा फ्यूज उडतोय. (जीआय म्हणजे जनरल इल्युमिनेशन. हे दिवे खेळाशी संबंध नसलेले, सदैव जळणारे असतात. ६.३ व्होल्ट एसी, फ्यूज ५ अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे क्षणभराच्या जादा करंटने न उडणारा.) आतापर्यंत पाच फ्यूज गेले. दोन मशीन चालू केल्याबरोबर आणि तीन खेळता खेळता.

गंमत अशी की प्लेफील्ड (बॉल ज्यावर फिरतो ती लाकडी फळी) उचलून उभं केलं की काहीच होत नाही. तासभर दिवे जळतात, मी खालून वायरी हलवतो, सॉकेट पिळतो, तरी फ्यूज शाबूत. खाली ठेवून खेळायला घेतलं की पाच-दहा मिनिटांत प्लेफील्डवर अंधार. मीटर लावला तर बझर वाजतो, म्हणजे शॉर्ट आहे हे नक्की. पण कुठे? सुरुवात कुठून करू?

शंकासुर
मशीन उभं असताना चालतं आणि आडवं झालं की झोपतं. यात बिघाड काय आहे? आम्ही सगळे असेच आहोत.

जुनाफ्लिपर
बिजागरीपाशी बघा. प्लेफील्ड खाली येताना वायरींचा जुडगा तिथे वळतो आणि वर्षानुवर्षं एकाच जागी चिमटून त्याचं इन्सुलेशन फाटतं. 'वर ठीक, खाली शॉर्ट' म्हटलं की दहात सात वेळा हेच असतं.

मीटरवाली
थांबा. आधी त्या बझरचं बघू.

खटपट्या, बझर वाजला म्हणजे शॉर्ट आहे असं नाही. बहुतेक मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. जीआयच्या दोन तारांमध्ये ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारी गुंडाळी) बसलेली आहे, तिचा रेझिस्टन्स जवळपास शून्य. शिवाय सगळे बल्ब समांतर. ४७ नंबरचा बल्ब ६.३ व्होल्टला ०.१५ अँपिअर घेतो, म्हणजे जळताना त्याचा रेझिस्टन्स ४२ ओहम. पण थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. असे अठरा बल्ब समांतर ठेवले तर मीटरला पाव ओहम दिसणार. म्हणजे अगदी निरोगी मशीनमध्येही बझर ठणाणा वाजणार.

जीआयमध्ये मीटर लावायचा तर आधी मशीनचा प्लग भिंतीतून काढा, ट्रान्सफॉर्मरकडून येणारा कनेक्टर सोडवा आणि त्या स्ट्रिंगवरचे सगळे बल्ब काढा. एकही ठेवू नका. मग दोन तारांमध्ये मोजा. आता बझर वाजला तर तो खरा शॉर्ट.

आणि एक सांगा, उडालेले फ्यूज फेकले का? काच कशी दिसतेय?

खटपट्या
@मीटरवाली, बझरचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद ताई. फ्यूज आहेत. चारांची काच आतून काळी-चंदेरी झालीय, पाचव्याची तार मधोमध तुटलीय पण काच तशी स्वच्छ आहे.

मीटरवाली
काळी-चंदेरी म्हणजे तार एका फटक्यात वाफ होऊन काचेवर बसली. तो खरा शॉर्ट. काच स्वच्छ राहून तार मधे वितळली असेल तर बऱ्याचदा नुसता जास्तीचा भार असतो, किंवा फ्यूज म्हातारा झालेला असतो. पाचवा सोडून द्या, चौघांचा मारेकरी शोधा.

बल्बवाला
भाराचा मुद्दा मी मांडणारच होतो. काही लोक ४७ ऐवजी ४४ नंबर लावतात कारण उजेड जास्त. ४४ ला ०.२५ अँपिअर लागतो. अठरा बल्बचे झाले साडेचार. ५ च्या फ्यूजवर साडेचारचा कायमचा भार म्हणजे तो रोज रडतच असतो. सगळे एलईडी लावून टाका, भार एकदम खाली येईल. कटकट मिटेल.

मीटरवाली
एलईडीने भार कमी होईल, शॉर्ट कसा जाईल? दोन तारा एकमेकींना चिकटल्या की मधे एलईडी आहे की मेणबत्ती, फ्यूजला काय घेणं-देणं?

बल्बवाला
मी कुठे म्हटलं शॉर्ट जाईल? पाचव्या फ्यूजबद्दल बोलत होतो.

मीटरवाली
तो आपण सोडून दिलाय :)

सरळसोट
माझ्याकडे अशीच अडचण होती. १० अँपिअरचा फ्यूज टाकला, दोन वर्षं झाली, काही नाही. उगाच कशाला खोलात जायचं.

जुनाफ्लिपर
सरळसोट, असं कृपया कुणालाही सुचवू नका. फ्यूज वितळला नाही तर पुढचं काहीतरी वितळतं. जीआयचे कनेक्टर आधीच बदनाम. बोर्डवरच्या त्या पिना तपकिरी होऊन प्लॅस्टिकचं घर करपलेलं मी किती मशीनमध्ये पाहिलंय त्याची गणती नाही, आणि तेही योग्य फ्यूज असताना. फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळलेलं एक मशीन माझ्याकडे आलं होतं. वायरींच्या जुडग्यातली एक तार टोकापासून टोकापर्यंत भाजली होती आणि शेजारच्या सहा तारांचं इन्सुलेशन तिच्याबरोबर वितळून एकजीव झालेलं. शॉर्ट होता एका सॉकेटमध्ये. अर्ध्या तासाचं काम, मला तीन आठवडे लागले. तुमच्या मशीनची स्लो-ब्लो म्हणजे तुम्हीच आहात सध्या.

शंकासुर
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावणार.

सिरीजदिवा
आयडीला जागून उत्तर देतो.

खटपट्या, फ्यूज वाया घालवणं थांबवा. फ्यूजच्या जागी दिवा लावा. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी डाखा, टोकांना मगरचिमटे लावा आणि फ्यूज काढून त्या क्लिपांना जोडा. म्हणजे दिवा सर्किटच्या सिरीजमध्ये आला. शॉर्ट झाला की सगळे ६.३ व्होल्ट या दिव्यावर पडतील आणि तो पिवळट जळेल, करंट एक-सव्वा अँपिअरच्या आसपास अडेल. काही जळणार नाही. शॉर्ट सुटला की दिवा विझेल. आता तुमच्याकडे वेळच वेळ आहे. दिव्याकडे बघत एकेक वायर हलवत जा.

फक्त आधी जीआयचे बल्ब काढलेले हवेत, नाहीतर त्यांच्या करंटवरच हा दिवा जळत राहील आणि तुम्ही भलत्याच गोष्टीच्या मागे लागाल.

सॉकेट बघताना दोन प्रकार लक्षात ठेवा. एक, सॉकेटच्या मधल्या टोकाची पत्री वाकून बाहेरच्या वाटीला लागते. जुन्या सॉकेटमध्ये मधला फायबरचा चकतीवजा तुकडा सैल होतो आणि बल्ब घालताना पत्री गोल फिरते. दोन, उघडी तार. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये जीआयची एक बाजू म्हणजे लाकडात स्टेपल ठोकून नेलेली बिनइन्सुलेशनची तार. तिच्यावरून दुसऱ्या बाजूची वायर जात असेल आणि स्टेपल तिच्यात घुसला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही.

निमा
सिरीज दिव्याला +१. मी याच पद्धतीने स्टेपलखालचा शॉर्ट पकडला होता. दोन दिवस घालवले, आणि शेवटी सापडला तो मीच आदल्या महिन्यात ठोकलेला स्टेपल.

आ_आणि_बा
अवांतर: हे सगळं वाचून वाटतं, न्यूयॉर्कवाल्यांनी उगाच नाही यावर बंदी घातली.

जुनाफ्लिपर
@आ_आणि_बा, बंदी शॉर्टमुळे नव्हती हो. १९४२ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी पिनबॉल हा जुगार ठरवून मशीनं घणाने फोडली. तेव्हा फ्लिपर (बॉल परत वर मारणारे, बटणावर चालणारे हात) नव्हतेच. बॉल सोडला की नशीब. फ्लिपर आले १९४७ मध्ये, गॉटलीबच्या हॅरी मॅब्सने आणले. बंदी उठली ती १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने नगर परिषदेसमोर प्रत्यक्ष खेळून दाखवलं, बॉल कुठून जाणार ते आधी सांगून तो तिथूनच घालवला, आणि हा कौशल्याचा खेळ आहे हे पटवलं.

आ_आणि_बा
म्हणजे परिषदेसमोर फ्यूज उडाला नाही. नशीबच लागतं.

खटपट्या
सिरीज दिवा केला. जीआयचे सगळे बल्ब काढले (अठरा नाही, बावीस निघाले). प्लेफील्ड उभं: दिवा बंद. हळूहळू खाली आणलं: बंद. पूर्ण खाली टेकवलं: बंद. बिजागरीपाशी जुडगा दाबला, ओढला, पिळला: बंद. वरून बुक्के मारले: बंद.

मग कंटाळून बॉल टाकले आणि खेळायला लागलो (बाकी दिवे आहेत, नुसता जीआय नाही). दुसरा बॉल ड्रेन झाला (खाली गेला) आणि आतला दिवा क्षणभर पेटल्याचा उजेड नाण्याच्या दाराच्या फटीतून दिसला. दार उघडेपर्यंत विझला. बिजागरी मात्र निर्दोष सुटली.

जुनाफ्लिपर
बॉल गेल्यावर पेटला हा मोठा धागा आहे. बॉल आउटहोलमध्ये (खालच्या टोकाच्या खड्ड्यात) पडला की तिथली किकर कॉइल त्याला पन्हळीत, म्हणजे बॉल साठतात त्या खाचेत, ढकलते. ती दणका देते. तिच्या आसपासचा एखादा सॉकेट त्या दणक्याने हलत असणार. आउटहोलच्या वीतभर परिसरातले सगळे सॉकेट बघा.

आणि हो, त्या कॉइलचा डायोडही बघून घ्या. पट्टी असलेली बाजू पॉझिटिव्हच्या टोकाला हवी. कुणी उलटा डाखला असेल तर कॉइल पेटताना तोच शॉर्ट होतो आणि ट्रान्झिस्टर घेऊन जातो.

मीटरवाली
डायोड कॉइलच्या सर्किटमध्ये आहे. तो शॉर्ट झाला तर कॉइलचा फ्यूज उडेल, जीआयचा नाही. दोन्ही वेगळे वेगळे आहेत. दणक्याचा मुद्दा मात्र पटतो.

जुनाफ्लिपर
मान्य. 'आलोच आहे तर बघून घ्या' या नात्याने म्हटलं.

खटपट्या
आउटहोलच्या आसपासचे पाचही सॉकेट सोडवून पाहिले. एकाची पत्री जरा सैल होती, ती बदलली. डायोड बरोबर आहे. प्लेफील्ड उचललं, टेस्ट मेन्यूमधून आउटहोलची कॉइल शंभरेक वेळा उडवली. सिरीज दिवा ढिम्म.

हे असं किती वेळा करू? उभं असताना हे मशीन माझ्याशी खोटं बोलतं.

शंकासुर
एक बाळबोध शंका. उचलताना तुम्ही बॉल काढता ना?

खटपट्या
हो, काढावेच लागतात. न काढता उचललं तर ते घरंगळत मागे जातात आणि काचेवर नाहीतर प्लॅस्टिकवर आदळतात. प्रत्येक बॉल ८० ग्रॅमचा असतो.

शंकासुर
मग गुन्हेगार सापडला. बॉल काढले की मशीन बरं, घातले की आजारी. बॉलच खराब आहेत. फ्यूज नको, बॉल बदला. फी पाठवून द्या.

बल्बवाला
:हहपुवा:

निमा
नेहमीप्रमाणे शंकासुर.

सिरीजदिवा
हसू नका, तो बरोबर बोलतोय.

पोलादी बॉल म्हणजे २७ मिलिमीटरचा वाहक. मशीनमध्ये इकडून तिकडे फिरणारा धातूचा एकमेव सुटा तुकडा तोच. तुमच्या तपासणीत तो एकदाही हजर नव्हता! प्लेफील्ड वर-खाली हा फरक नाहीच, खरा फरक बॉल आत-बाहेर हा आहे. तुम्ही प्लेफील्ड खाली टेकवून तपासलं तेव्हा दिवा बंद होता, कारण तेव्हाही बॉल बाहेर होते. बॉल टाकल्यावरच पेटला. वर तुम्हीच लिहिलंय.

आता सांगा, बॉल थांबतो कुठे? आउटहोल, एप्रनखालची (खालच्या टोकाच्या झाकणाखालची) पन्हळ, शूटर लेन (जिथून बॉल सोडतात ती पट्टी). मधे एखादा सापळ्याचा खड्डा असेल तर तोही. यापैकी प्रत्येक ठिकाणी हाताने बॉल ठेवून दिव्याकडे बघा. एप्रन काढून.

मीटरवाली
अरे देवा. हो. आपण सगळे खालून बघत होतो.

त्यात आणखी एक आहे. खेळ चालू असताना एक बॉल बाहेर आणि दोन पन्हळीत. ड्रेन झाल्यावर तिसरा पन्हळीत येतो. म्हणजे ज्या जागी तो तिसरा टेकतो, ती जागा खेळताना रिकामी असते. खटपट्या, तिसऱ्या बॉलची जागा आधी बघा. चालू केल्याबरोबर दोन फ्यूज गेले तेही जुळतं, कारण चालू करताना तिघेही घरी असतात.

जुनाफ्लिपर
आणि पन्हळीत बॉल हळूच घरंगळत जागा धरतो, त्यामुळे प्रत्येक वेळी टेकेलच असं नाही. मी बिजागरीवर इतका ठाम होतो की पुढचं ऐकलंच नाही. टोपी काढतो, शंकासुरासमोर.

शंकासुर
मी गंमत करत होतो. मला पिनबॉल येतही नाही. पण टोपी ठेवून घेतो.

सरळसोट
तरी माझ्या १० अँपिअरला काही झालेलं नाही.

जुनाफ्लिपर
सरळसोट, एकदा कनेक्टर काढून पिनांचा रंग बघा आणि फोटो टाका. नुसता रंग.

खटपट्या
सापडला!!!

एप्रनचे स्क्रू काढून तो बाजूला केला. पन्हळीच्या डाव्या टोकाला, म्हणजे तिसऱ्या बॉलच्या जागेच्या अगदी मागे, लाकडाला चिकटून दोन वायरी वर आल्यात. दोन्हींची टोकं सोललेली, साधारण एकेक सेंटिमीटर उघडं तांबं, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. टेप नाही, काही नाही. पूर्वी कधीतरी तिथे एक सॉकेट होता. खिळ्याचं भोक दिसतंय आणि एप्रनवर सूचनांच्या कार्डाच्या मागे उजेडाची खिडकी आहे. कुणीतरी तो सॉकेट तोडून काढला आणि वायरी तशाच सोडल्या.

एक बॉल ठेवला : दिवा बंद. दोन : बंद. तिसरा ठेवला : बंद. माझा चेहरा पडला. मग तिसरा बोटाने जरासा मागे ढकलला आणि दिवा पेटला. सोडला, विझला. ढकलला, पेटला. पाच मिनिटं नुसता तोच खेळ खेळत बसलो. या मशीनवरचा आतापर्यंतचा सगळ्यात समाधानाचा खेळ.

बॉल किकरने ढकलल्यावर पन्हळीत मागेपुढे डुलतो, तेव्हा टेकतो. प्लेफील्ड उभं केल्यावर बॉल नाहीत, म्हणून शॉर्ट नाही. खालून बघून हे जन्मात दिसलं नसतं, कारण या वायरी लाकडातून वर गेल्यात आणि खालून शेजारच्या सॉकेटला व्यवस्थित डाखलेल्या आहेत.

निमा
वा! वाचताना अंगावर काटा आला, खरंच.

सिरीजदिवा
मस्त. 'सोडला, विझला. ढकलला, पेटला.' यासाठीच माणूस हे सगळं करतो.

आ_आणि_बा
वायरी सोडून जाणाऱ्या त्या अज्ञात महापुरुषाला साष्टांग नमस्कार.

बल्बवाला
बल्ब काढून टाकणारा माणूस. भार कमी करायला गेला असेल बिचारा.

खटपट्या
आता प्रश्न असा की वायरी खालून कापून टाकू की तिथे सॉकेट परत बसवू?

बल्बवाला
बसवा. कार्डामागची खिडकी त्यासाठीच आहे.

मीटरवाली
बसवायचा तर तिथे उघड्या पत्रीचा सॉकेट नको, बॉल रोज त्याला धडकणार. लाकडाच्या खालून वर येणारा लांब मानेचा घ्या आणि वायरीचे डाख खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे वर फक्त बल्ब दिसेल. तो जमला नाही तर वायरी सरळ त्या शेजारच्या सॉकेटपासूनच सोडवा. टोकाला टेप लावून तिथेच ठेवू नका. टेपचा गोंद दोन-चार वर्षांत सुटतो आणि मग पुढचा मालक असाच धागा काढतो.

खटपट्या
लांब मानेचा सॉकेट खोक्यात होता. बसवला. बावीसही बल्ब परत घातले (तेविसावा नवा), सहावा फ्यूज टाकला, ५ चाच. तीनही बॉल पन्हळीत. दीड तास झाला, तीन माणसं आलटून पालटून खेळली. कार्डावर काय लिहिलंय ते पहिल्यांदाच वाचता आलं. मला दोन नियम माहीतच नव्हते.

शंकासुर
मग आता मला खेळायला बोलवा. बॉल कुठे असतात तेवढं मला कळलंय.

मीटरवाली
एक राहिलंच. लागोपाठ पाच फ्यूज उडालेत, तेव्हा फ्यूजची क्लिप तापलेली असणार. पकड सैल आहे का, रंग बदललाय का बघा. सैल क्लिप स्वतःच तापते आणि शॉर्ट नसतानाही फ्यूज नेते. मग तुम्ही पुन्हा एप्रन काढून बसाल.

खटपट्या
आत्ता बघून आलो. एक बाजू काळी पडलीय आणि फ्यूज नखाने हलतो. उद्या क्लिप बदलतो.

सरळसोट
फोटो टाकलाय. हा रंग कसा आहे?

जुनाफ्लिपर
सरळसोट, मशीनचा प्लग काढा. आत्ता. मग बोलू.